मोहगावपर्यंतचं तिकीट

देवाला सगळ्यात जास्त दमवणारा माणूस कोण, असं उद्या कुणी मला विचारलं, तर मी मागचापुढचा विचार न करता आमच्या गल्लीतल्या ड्रेसरबाबूंकडे बोट दाखवेन. उपास करणारे, नवस बोलून विसरणारे, पूजेच्या वेळी घंटा जोरजोरात वाजवणारे असे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापासून देवाला फारसा त्रास होत नसावा. पण रोज सकाळी उठून देवाला चार प्रश्न विचारायचे, उत्तराची वाट न पाहता चपला पायात घालायच्या आणि उरलेले प्रश्न रस्त्यानं चालता चालता विचारत राहायचं, हे सगळ्या पांढुर्ण्यात एकट्या ड्रेसरबाबूंनाच जमतं.

सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात काढली. त्या कामाच्या माणसाला आमच्याकडे ड्रेसर म्हणतात, आणि सरकारी नोकरीतल्या कुणालाही बाबू म्हणतात. त्यामुळं निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पांढुर्णा तहसिलीचं जिल्ह्याचं ठिकाण झालं, तरी ते ड्रेसरबाबूच राहिले. उंच, काटक, आणि कायम थोडेसे पुढे झुकलेले. म्हणजे पाय निघायच्या आधी डोकं निघालेलं. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. माझ्या बाजूला तिच्यावर देव्हारा, त्यांच्या बाजूला क्रूस, आणि पावसाळ्यात दोन्हीकडून सारखीच ओल. गावात ख्रिस्ती घरं दहा-बारा. स्टेशनच्या पलीकडे त्यांचं छोटं चर्च आहे. तिथल्या बाकांवर बाबू कधी पूर्ण उपासना संपेपर्यंत बसल्याचं कुणाला आठवत नाही. गाण्याला सगळे उठले की हे उठतात, आणि सगळे बसले की हे खिडक्या उघडायला जातात. खिडक्या उघड्या असल्या तर लावायला जातात.

प्रार्थना ते चालत करतात, तीही मोठ्यानं आणि डोळे उघडे ठेवून. डोळे का मिटत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सर, मिटून पाह्यले. स्टेशन रोडवर म्हशीले जाऊन धडकलो. तवापासून प्रभूले सांगून ठेवलं, का मी तुयाकडं पाहूनच राहिलो आहे असं समज." गल्लीच्या तोंडापासून रेल्वे फाटकापर्यंत एक प्रार्थना पुरते. मध्ये ओळखीचं कुणी दिसलं की ते प्रार्थना थांबवून त्याच्या गुडघ्याची, जावयाची, गाईची चौकशी करतात, आणि तो पुढे गेला की जिथं सोडली होती तिथून पुढे उचलतात. या प्रार्थनेत सगळ्या गल्लीची नावं येतात. एके सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा होतो आणि बाबूंचा आवाज पलीकडून येत होता, "हे प्रभू, सरच्या बायकोच्या कंबरेले आराम पडू दे, अन सरले घरातलं पानी भरून देयाची बुद्धी दे." आमेन माझ्या बायकोनं आतून म्हटलं. तेव्हापासून पाणी मी भरतो.

शास्त्रात जे लिहिलं आहे ते शब्दशः करायचं असतं, अशी त्यांची समजूत आहे, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. ज्याच्याकडे दोन वस्तू असतील त्यानं एक द्यावी, हे त्यांना पटलेलं. त्यापायी त्यांनी आपला एक स्वेटर दिला, एक छत्री दिली, आंटीची (त्यांच्या बायकोला आम्ही सगळे आंटी म्हणतो) एक शाल आंटीला न विचारता दिली, आणि शेवटी आपला जुना चष्मा एका संत्र्याच्या बागेतल्या राखणदाराला दिला. राखणदार आठ दिवस तो चष्मा घालून बागेत हिंडला. नवव्या दिवशी येऊन म्हणाला, बाबूजी, झाडं दुप्पट दिसून राहिली, मालक खूष आहे पण मले चक्कर येते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. दोन्ही काठांवरून दगड चालतात आणि दोन्ही काठांवर डोकी फुटतात. निवृत्तीनंतरही बाबू त्या दिवशी पट्ट्यांची पिशवी घेऊन हजर. एका वर्षी या काठाचा एक आणि सावरगावच्या काठाचा एक असे दोन फुटके जवान त्यांच्याकडे एकाच वेळी आले. बाबूंनी दोघांना शेजारी बसवलं, एकाच बाटलीतलं औषध दोघांना लावलं, आणि मग पट्टीचं टोक हातात धरून अडून बसले. "पयले एकमेकाची माफी मागा. मंग गाठ मारतो." रक्त गळत असल्यामुळं दोघांनी ताबडतोब माफी मागितली, हात मिळवले, बाबूंच्या पाया पडले, आणि नवीन पट्ट्या सांभाळत आपापल्या काठावर दगड मारायला परत गेले. बाबूंना त्याचं दुःख झालं नाही. "पाच मिनिट तर झालं ना समाधान," ते म्हणाले. "मोठमोठ्या लोकाईचं तेवढंबी होत नाही."

पण गल्ली ज्याला खरोखर घाबरते ती गोष्ट म्हणजे त्यांचा महिन्याचा पहिला शनिवार. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेऊन येशूच्या मरणाची आठवण करायची. कुणाच्या मनात आपल्याविषयी किंतु असताना देवापुढं जाऊ नये, आधी त्याच्याशी समेट करावा, असा त्यासाठीचा नियम आहे. बाकीची मंडळी हा नियम मनातल्या मनात पाळतात. बाबू तो घरोघरी जाऊन पाळतात.

"सर, मले माफ करा," असं म्हणत ते एका शनिवारी माझ्या दारात उभे राहिले.

"का हो? काय झालं?"

"झालं काही नाही. सोमवारी तुमी तुमच्या पोराच्या पुण्याच्या नोकरीचं सांगून राहिले होते ना, मी वा वा म्हनत होतो. पन मनात म्हनून राहिलो होतो, का हा मानूस आता थांबन का नाही. हे पाप झालं."

मी अर्थातच माफ केलं. पण पुढचा महिनाभर मला मुलाविषयी कुणाशी चार शब्द बोलण्याची हिंमत झाली नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याची त्यांनी माफी मागितली ती त्यानं शिवलेली पँट घालताना दर वेळी त्याच्याविषयी वाईट मनात येतं म्हणून. शिंप्याला तोवर वाटत होतं की ती पँट बाबूंना अंगासरशी बसली आहे. भाजीवाल्या मावशीला त्यांनी भर बाजारात सांगितलं, "मावशे, तुया मेथीले मी मनात गवत म्हनलो. माफ कर." मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मनात म्हनलं होतं ना? मंग मनातच ठेवाचं होतं! आता साऱ्या बजारानं आयकलं." पास्टरसाहेबांच्या प्रवचनात आपण तीनदा घड्याळ पाहिलं, याचीही माफी त्यांनी पास्टरसाहेबांकडे दर महिन्याला इमानदारीनं मागितली. चार महिन्यांत प्रवचन पंधरा मिनिटांनी आखूड झालं, आणि ती सगळी मंडळी आजही बाबूंचा उपकार मानते. आंटी मात्र कपाळावर हात मारते. "माफी मागून मागून या मानसानं अर्ध्या गावाशी भांडन करून ठेवलं, सर. पयले कोनाले काही मालूम तरी नव्हतं."

मलाही अनेक वर्षं हा सगळा एक गमतीचा भाग वाटत होता. ते हलणं, फिरणं, बसलेल्या जागेवरून तीन मिनिटांत उठणं, चहाचा कप हातात घेऊन अंगणाला चकरा मारणं, हा त्यांचा स्वभाव, असं मी धरून चाललो होतो. मग दोन वर्षांपूर्वी, संत्र्याच्या दिवसांत, पास्टरसाहेबांनी शत्रूवर प्रेम करण्याविषयी प्रवचन दिलं.

बाबू चर्चमधून तडक माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "सर, मोठी अडचन झाली. शत्रूवर प्रेम कराचं आहे, अन मले शत्रूच नाही."

मी म्हटलं, ही अडचण नाही, भाग्य आहे. पण त्यांना ते पटेना. माझ्याकडून कागद-पेन्सिल घेऊन, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून ते उभ्या उभ्या आपल्या शत्रूंची यादी करू लागले. दवाखान्यातला एक जुना हेडक्लार्क आठवला. त्यानं बाबूंना बराच त्रास दिला होता, पण तो वारला होता आणि शेवटच्या आजारात त्याच्या पाठीच्या जखमा बाबूंनीच धुतल्या होत्या. मग एका ट्रकवाल्याचं नाव लिहिलं. त्यानं संत्र्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक मागे घेताना बाबूंची भिंत पाडली होती. पण त्यानं ती स्वतः बांधून दिली, आणि पहिल्यापेक्षा चांगली. नाव खोडलं. शेवटी यादीत एक कोंबडा उरला. मागच्या गल्लीतला हा तांबडा कोंबडा बाबू दिसले की अंगावर धावून येत असे.

"कोंबड्यावर प्रेम करून चालत असन का, सर?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

मी हसत होतो. आंटी त्यांच्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सुपातून मान वर न करता म्हटलं, "कोंबडा कायले पायजे? सौसरले आहे ना तुमचा."

बाबूंनी पेन्सिल कट्ट्यावर ठेवली. कागद घडी करून खिशात घातला. आणि चपला न घालता गल्लीतून चालत निघून गेले. 

"आंटी, सौसरला कोण आहे?" मी विचारलं.

"भाऊ आहे. सख्खा," आंटी म्हणाली, आणि मग तांदूळ बाजूला ठेवून तिनं मला सांगितलं.

बाबूंचा धाकटा भाऊ सौसरला लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवतो; आता त्या बँडचा मास्तरच आहे. त्यांची आई त्याच्याकडे राहायची. त्याआधी पाचेक वर्षं, ऐन मे महिन्यात, ती पहाटे गेली. भावानं फोन केला, ऊन फार आहे, अकराला नेऊ, लवकर निघ. आंटी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला होती. बाबू एकटेच स्कूटरवर निघाले. पांढुर्ण्याहून सौसर, तास-सव्वा तासाचा रस्ता. मोहगावच्या अलीकडे एक जोडपं मोटरसायकलवरून पडलेलं होतं. नवऱ्याला खरचटलं होतं, बाईच्या पायातून रक्त वाहत होतं, आणि नवरा घाबरून नुसता ओरडत होता. बाबू थांबले. त्यांनी आपला रुमाल बांधला, तो भिजला म्हणून पंचा बांधला, एक जीप अडवली, आणि शीर दाबून धरलेली सोडता येईना म्हणून स्कूटर तिथंच टाकून त्या बाईबरोबर दवाखान्यात गेले. तिला टाके पडेपर्यंत तिचा नवरा यांचा हात सोडेना. रिक्षानं ते कबरस्तानात पोहोचले तेव्हा लोक परत निघाले होते. माती ओढून झाली होती, आणि भाऊ फावड्याच्या पाठीनं ती सारखी करत होता.

"अंगावर रक्ताचा शर्ट होता म्हनतात यायच्या," आंटी म्हणाली. "भावानं शर्ट पाह्यला, अन काही इचारलंच नाही. म्हनला, दादा, तुले साऱ्या दुनियेसाठी टाइम आहे, एका मायसाठी नाही."

"मग?"

"मंग हे म्हनले..." आंटी थांबली. "साऱ्या लोकाईसमोर म्हनले, का दुपारी लग्नाची सुपारी होती काय रे तुयी, म्हनून मायले एवढ्या घाईनं गाडलं?"

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. आणि त्या दिवसापासून बाबूंनी प्रभुभोजन घेतलं नव्हतं. भाकरीचं ताट बाकापाशी यायला लागलं की ते स्कूटरला कुलूप लावलं का पाहायला बाहेर जायचे. सगळ्या गावाशी समेट करून झालेला असायचा, आणि जो एक राहिला होता त्याच्यापायी त्यांचा देवापुढं हात पसरत नव्हता. आधीही ते बसत नव्हते, आंटी म्हणाली, पण आधी नुसते फिरायचे. आता पळतात.

चार दिवसांनी बाबू स्वतःच माझ्याकडे आले. आंटीनं सांगितलं हे त्यांना कळलं होतं. अंगणात चकरा मारता मारता ते म्हणाले, "सात टाके, सर."

"काय?"

"त्या बाईले सात टाके पडले. फक्त सात. मरत असती तर गोष्ट वेगळी होती. मी नसतो थांबलो तर कोनीबी बांधलं असतं. तिघं-चौघं लोक उभेच होते रस्त्यावर." मग माझ्यासमोर येऊन थांबले. "मी थांबलो ते बरोबर होतं का चूक? पास्टरसाहेबाले इचारलं, ते म्हनतात बरोबर. पन माय त्याईची नव्हती. प्रभूले रोज इचारून राहिलो. तो काही बोलून नाही राहिला."

मी चाळीस वर्षं शाळेत मुलांच्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. त्या दिवशी मी चहा ठेवतो एवढंच म्हणालो.

पुढच्या पहिल्या शनिवारी सकाळी बाबू इस्त्रीचा शर्ट घालून दारात आले आणि म्हणाले, "सर, आज रिकामे आहात का? सौसरले जाऊन येऊ. एकट्यानं जमून नाही राहिलं."

ते किती जमत नव्हतं हे मला बसमध्ये कळलं. आम्ही चढताच कंडक्टर मला काही न विचारता बाबूंना म्हणाला, "आइए बाबूजी, एक मोहगाव?" त्याला मी सांगितलं, दोन सौसर. त्यानं तिकीट फाडायच्या आधी बाबूंकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पळवून नेतो आहे. मग त्यानंच मला हळूच सांगितलं. पाच वर्षांपासून बाबूजी महिन्यातून एकदा या बसला चढतात, मोहगावला उतरतात, समोरच्या टपरीवर चहा पितात आणि परतीच्या बसनं पांढुर्ण्याला जातात. सौसर तिथून थोडंच पुढे. पण तेवढं त्यांच्यानं झालं नव्हतं. बस अर्धी रिकामी होती. बाबू सबंध रस्ता दांडा धरून उभे राहिले. बाहेर संत्र्याची तोड चालू होती, झाडांखाली ढीग लागले होते, बायका पाट्या भरत होत्या. बाबूंना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, पण पहिल्यांदाच त्यांची प्रार्थना मला ऐकू येत नव्हती.

मोहगावला बस थांबली. कंडक्टरनं सवयीनं दार धरलं. टपरीवाल्यानं बाबूंना पाहून एक ग्लास बाजूला काढला सुद्धा. बाबूंचा पाय खालच्या पायरीवर गेला.

"बाबू," मी म्हणालो, "तिकीट सौसरचं आहे."

ते खाली बघत राहिले. मग पाय वर घेतला. टपरीवाला ग्लास हातात धरून बस जाईपर्यंत बघत होता.

भावाच्या घरासमोर दोरीवर बँडचे लाल कोट वाळत होते, सोनेरी पट्ट्या उन्हात चमकत होत्या. भावजय बाहेर आली. बाबूंना पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि आतून पाणी आणलं. मग म्हणाली, "ते बारातीत आहेत. बजारच्या रस्त्यानं निंघाली. बसा ना, येतीन दुपारून." बाबूंनी पाणी घेतलं आणि म्हणाले, बसलो तर उठून परत जाईन. आम्ही बाजाराच्या रस्त्याला लागलो.

आवाज आधी आला, मग वरात. पुढे नाचणारी पोरं, मागे नवरदेवाची घोडी, आणि मध्ये लाल कोट घातलेला बँड. बँडच्या पुढे एक ठेंगणा, गोल माणूस कॉर्नेट आभाळाकडे करून गाल फुगवून वाजवत होता. बाबू थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

भावानं त्यांना पाहिलं. डोळे मोठे झाले. पण गाणं ऐन रंगात होतं, पोरं नाचत होती, आणि मास्तरनं तोंड काढलं असतं तर सगळा बँड कोलमडला असता. तो वाजवत पुढे चालत राहिला. मग बाबू उलटे चालू लागले. भावाकडे तोंड करून, मागे पाऊल टाकत, हातवारे करत ते बोलत होते, आणि ढोलांच्या आवाजात त्यातला एक शब्द कुणाला ऐकू येत नव्हता. त्यांचे ते हातवारे पाहून नवरदेवाकडच्या लोकांना वाटलं, हा म्हातारा रंगात आला आहे. एका जाड्या काकांनी त्यांच्या गळ्यात हात टाकला, दोघा पोरांनी त्यांच्याभोवती फेर धरला, कुणीतरी शिट्टी मारली. बाबू त्या गोंधळात धक्के खात, घामानं भिजत, माफी मागत होते. भाऊ त्यांच्याकडे बघत वाजवत होता, आणि त्याच्या फुगलेल्या गालांवरून पाणी खाली येत होतं. तो घाम होता की काय, हे मला दुरून सांगता येणार नाही.

चौकात गाणं संपलं. पोरं धापा टाकत थांबली. एकदम शांतता झाली. भावानं कॉर्नेट खाली घेतलं, कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "काय म्हनला? मले काही आयकू नाही आलं."

सगळ्या जगाची माफी मागून तयार झालेला तो माणूस, आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना. वरातीतले लोक बघत होते. घोडी मान हलवत होती.  बाबू शेवटी एवढंच म्हणाले, "मले उशीर झाला रे."

भावानं कॉर्नेटचं तोंड अंगठ्यानं पुसलं. "हाव. झाला," तो म्हणाला. मग कॉर्नेटकडे बघत, "मीबी थांबलो असतो घंटाभर. पन मायचं तोंड पाहवत नव्हतं माह्यानं. म्हनून घाई केली. सुपारी नव्हती, दादा."

"मालूम आहे. मले तवाबी मालूम होतं."

"मंग काहून म्हनला?"

"तुले लागावं म्हनून म्हनलो."

"लागलं," भाऊ म्हणाला.

जाडे काका पुढे आले. मास्तर, मुहूर्त चालला, वाजवा ना. भावानं कॉर्नेट ओठांना लावलं, परत काढलं. "घरी जाऊन जेवून घे. मी आलोच. जाऊ नको." आणि गाल फुगवले.

तो दुपारी तीनला आला, लाल कोटातच. आम्ही तिघं मिळून कबरस्तानात गेलो. दोघा भावांनी कबरीवरचं वाळलेलं गवत उपटलं आणि त्यावरून त्यांचा वाद झाला, की आईला मोगरा आवडायचा की शेवंती. वाद चांगलाच तापला. मी फाटकापाशी उभा राहून ऐकत होतो. त्या वादाइतकं गोड भांडण मी दुसरं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाबूंनी प्रभुभोजन घेतलं. हे मला आंटीनं सांगितलं. आणि घरी येऊन ते दुपारी झोपले, हे तिनं दोनदा सांगितलं.

त्यांची अस्वस्थता गेली असं मात्र कुणी समजू नये. परवाच ते मला रेल्वे फाटकापाशी भेटले, मालगाडी जाईपर्यंत फाटकाच्या अलीकडे येरझाऱ्या घालत. मी विचारलं, "बाबू, त्या प्रश्नाचं काय झालं? थांबायला पाहिजे होतं की नाही?"

"नाही कळलं, सर," ते म्हणाले. "भावाले इचारलं. तो म्हने, मले काय इचारतं, मी बाजेवाला. प्रभूबी अजून काही बोलला नाही. बोलन कधी तरी."

"आणि तोवर?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं. "तोवर कोनी पडलेलं दिसलं तर थांबाचं. आनखी काय? मले दुसरं येतच नाही ना काही."

फाटक उघडलं आणि ते पुढे झुकून निघून गेले. मी गाडी सुरू केली. मागच्या उन्हाळ्यात तिगावच्या फाट्यावर एक म्हातारा सायकलीसकट पडलेला मला दिसला होता. मागून गाड्या येत होत्या, कुणीतरी उचलेलच, असं म्हणून मी गाडी हळू केली होती. थांबवली नव्हती. त्याला पुढे कुणी उचललं की नाही, मला माहीत नाही. त्याचा शर्ट निळा होता, आणि तो एका हातानं आपली टोपी शोधत होता.